सुहासचं मानपत्र

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतोय, कारण आमच्या अबुधाबीतल्या मराठी मंडळाने 'लेखनशैली कशी सुधारावी' यावर बोलायला मला बोलावलंय — मला! — आणि संताप आवरत नाहीये. मंडळावरचा नव्हे. स्वतःवरचा.

आखातात आलेला माणूस एक दिवस परत जातोच. तो निघाला की आम्ही हॉल घेतो, शाल-श्रीफळ देतो, मानपत्र वाचतो. ही मानपत्रं कित्येक वर्षं मीच लिहितो. 'कर्मयोगी', 'अजातशत्रू', 'वाळवंटातला वटवृक्ष' — हा वटवृक्ष मी इतक्यांना लावलाय, की एव्हाना इथलं हवामान बदलायला हवं होतं. ज्याच्याशी निम्मं मंडळ बोलत नसे, तोही अजातशत्रू! आणि लोक टाळ्या वाजवतात. का वाजवतात? 'हे काय लिहिलंय?' असं कुणीच कसं विचारत नाही?

एकाने विचारलं. सुहासने.

सुहास माझा शेजारी — अल रीम बेटावर, एकाच इमारतीत, एकाच मजल्यावर. माझी आई गेली तेव्हा आम्ही नवरा-बायको पुण्याला धावलो, मुलींची परीक्षा चालू होती, त्या सुहासकडे राहिल्या. परत आलो तर धाकटी माझ्या बायकोला तोंडावर सांगते, "सुहासकाका मेक्स बेटर डोसा." असा माणूस. पुढे त्याची नोकरी गेली, दुसरी मिळेना, आणि त्याने सामान बांधलं. समारंभाच्या आदल्या दिवशी लिफ्टमध्ये म्हणाला, "हे बघ, तो तुझा वटवृक्ष माझ्या दारात नको. साधं लिही. मी इथे कसा राहिलो, तेवढंच."

साधं! बसलो की लिहायला. 'सुहासने माझ्या मुली सांभाळल्या.' जमलं. 'सुहासची नोकरी गेली.' हेही जमलं. त्यापुढचं वाक्य — तिथे हात थांबला. मग मी काय केलं असेल? पुन्हा तोच वटवृक्ष बाहेर काढला.

खड्या आवाजात वाचलं. टाळ्या पडल्या. सुहास व्यासपीठावरून उतरून माझ्याजवळ आला. "झकास लिहिलंयस रे. कोण हा गृहस्थ? एकदा भेटव की." हसला, आणि वहिनींबरोबर जेवणाच्या रांगेत जाऊन उभा राहिला.

शैली म्हणे! इतकी वर्षं समजत होतो, शब्द जड होतात ते वाचनामुळे. कसलं वाचन? जिथे जिथे मी नटवलं, तिथे तिथे काहीतरी झाकलं होतं. हे मंडळाच्या त्या भाषणात सांगू का? सांगणार नाही, हे मला आत्ताच माहीत आहे.

तर — ते पुढचं वाक्य.

आमच्या कंपनीत सुहासच्या कामाची एक जागा रिकामी होती. "साहेबाकडे माझ्यासाठी शब्द टाक," असं त्याने मला सांगितलं होतं. मी म्हणालो, "इन्शाल्ला, बघतो." त्याने पुन्हा विचारलं तेव्हा साहेब रजेवर आहे, असं सांगितलं. साहेब रजेवर नव्हता. माझंच कॉन्ट्रॅक्ट संपत आलं होतं, आणि साहेबाकडे टाकायचा शब्द मला स्वतःसाठी राखून ठेवायचा होता. मी त्याच्या केबिनमध्ये गेलोच नाही.

सुहास विमानात बसला, तेव्हाही ती जागा रिकामीच होती.