मामांच्या मशीनचा नंबर

ऐंशीचं दशक संपत आलं होतं आणि मी स्वतःला फार शहाणी समजत होते. आमच्या बेटाच्या राजधानीत, पोर्ट लुईच्या सरकारी संगणक खात्यात, मी नुकतीच लागले होते. आमच्या इथल्या मराठी समाजातली मुलगी अशा कामावर याआधी कुणी पाहिली नव्हती. देवळाच्या हॉलमध्ये कुणी म्हातारीनं विचारलं, "बेटी, तू काय काम करते गो?" तर मी असं काही अवघड सांगायची, की तिनं पुन्हा विचारू नये. हा माझा तेव्हाचा स्वभाव. आज आठवला तरी कान गरम होतात.

खरं तर माझं काम दरवानाचं होतं. क्युरपिप, मोका अशा ठिकाणच्या कचेऱ्यांतली मशीनं टेलिफोनच्या तारेनं पोर्ट लुईच्या मोठ्या संगणकाला जोडली होती. त्यात जन्ममृत्यूच्या नोंदी होत्या. मध्ये एक राखाडी खोकं बसवलं होतं, ट्रंकेएवढं. तोवर कुठल्याही मशीनवर बसलेला कुणीही कुठलीही नोंद उघडू शकत होता. मोठ्या साहेबांनी सांगितलं, हे बंद करा. कुठल्या मशीनला आत सोडायचं याची यादी खोक्यात भरा. यादी लिहायचं काम माझ्यावर आलं.

यादीचे नियम दोनच होते. खोकं वरून खाली वाचत येतं आणि जी ओळ पहिल्यांदा जुळेल तिच्याप्रमाणे वागतं, पुढचं बघत नाही. आणि यादीच्या तळाशी एक ओळ असते, ती कुणी लिहीत नाही, दिसतही नाही, पण असते: वर ज्या मशीनचा नंबर नाही, त्याला परत पाठवा. हा दुसरा नियम मी आमच्या खात्यातल्या बाकीच्यांना फळ्यावर खडूनं लिहून समजावला होता. चांगला अर्धा तास.

क्युरपिपच्या कचेरीत माझे मामा कारकून होते. आईचे थोरले भाऊ. शनिवारी ते हॉलमध्ये मुलांना मराठी शिकवायचे. क, ख, ग मी त्यांच्याकडूनच गिरवले. कचेरीत त्यांची खिडकी जन्मनोंदीची होती. आमची माणसं लांबून, अगदी पेती राफ्रेहूनसुद्धा, बाळाची नोंद करायला मुद्दाम त्यांच्या खिडकीवर यायची. दुसरा कारकून कानाला ऐकू येईल तसं नाव लिहून मोकळा व्हायचा. मामा थांबायचे, बापाला दोनदा नाव म्हणायला लावायचे आणि मग लिहायचे. ती खिडकी म्हणजे त्यांचा सगळा मान होता.

पन्नाशी उलटल्यावर त्यांच्यासमोर मशीन येऊन बसलं. ते घाबरले, पण हटले नाहीत. मोठ्या संगणकाला लावायचा लांबलचक आकडा त्यांनी पुठ्ठ्यावर लिहून घेतला आणि एका बोटानं टाइप करायला शिकले. कचेरीतले तरुण हसायचे. मी तपासणीसाठी जायची ती त्यांच्याच मशीनवर बसायची. कित्येक आठवडे सगळे प्रयोग मी तिथूनच केले. ते शेजारी उभे राहून माझ्यासाठी फ्लास्कमधला चहा ओतायचे आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे, "माझी भाची हाय."

यादी लिहिली तेव्हा मी एकेका कचेरीचे नंबर कागदावरून उतरवत गेले. क्युरपिपचे सगळे उतरवले. मामांचा नाही.

असं कसं झालं, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे. आमच्याकडे लग्नाच्या आमंत्रणांची यादी करताना घरचे लोक लिहीत नाहीत. मी लहानपणी आईजवळ बसून नावं लिहायची आणि एकदा मामाचं नाव लिहिलं तर तिनं हातावर चापट मारली होती. "घरच्यांना कुणी लिवतं काय? ते काय पावणे हायेत?" पाहुणे लिहायचे, घरचे धरलेलेच असतात. मामांचं मशीन माझ्या मनात घरचं झालं होतं, ते मी धरून चालले. यादी चालू केली त्या दिवशी मी मोक्याला फोन करून तपासलं, आणखी दोन ठिकाणी तपासलं. मामांना फोन करायचं डोक्यातच आलं नाही.

दुसऱ्या दिवशी साहेब लोक क्युरपिपला पाहायला आले. बाहेर नेहमीची झिमझिम, आत ओल्या कोटांचा वास. नव्या पद्धतीनं पहिली नोंद मामांनी करून दाखवायची, असं ठरलं होतं. त्यांनी टाय लावला होता. खिडकीपलीकडे एक जोडपं बाळ घेऊन उभं होतं.

मामांनी पुठ्ठ्याकडे बघत आकडा टाइप केला. पडद्यावर उत्तर आलं: परवानगी नाही. त्यांनी पुन्हा केला, या वेळी एकेक आकडा ओठांनी म्हणत. परवानगी नाही. तिसऱ्यांदा त्यांनी पुठ्ठा डोळ्यांजवळ धरून टाइप केला. तेच.

त्या क्षणी मला सगळं कळलं. अख्खी यादी डोळ्यांपुढे आली आणि तिच्यात तो नंबर नव्हता.

"लेस, तोंतों, लेस ली फेर," कचेरीचे मुख्य म्हणाले. राहू द्या काका, तिला करू द्या. ती म्हणजे शेजारच्या मशीनवरची तरुण मुलगी. तिनं तोच आकडा पटापट टाइप केला आणि लगेच लागला. लागणारच होता, तिच्या मशीनचा नंबर मी यादीत लिहिला होता. कुणीतरी हसलं. मामा माझ्याकडे वळले. "रोज तर लागतंय," ते म्हणाले. "आज काय झालं, गो?"

साहेबांनीही माझ्याकडे पाहिलं. "मशीन कोरेक?" ठीक आहे ना?

"कोरेक," मी म्हणाले.

एक शब्द. माझी नोकरी तेव्हा कायम झाली नव्हती, हे मी पुढे स्वतःला हजारदा सांगितलं. पण ते कारण खोटं आहे. ओळ राहिली म्हणून कुणी मला काढलं नसतं, रागावले असते आणि विसरले असते. मला त्या कोट घातलेल्या माणसांपुढे चुकायचं नव्हतं, एवढंच. म्हणून मी माझ्या मामाला चुकू दिलं.

संध्याकाळी पोर्ट लुईला परत येऊन मी ती ओळ भरली. मिनिटही लागलं नाही. सकाळी मामांचं मशीन झकास चालत होतं, पण त्यावर आता ती तरुण मुलगी बसली होती. मामांना खालच्या खोलीत जुनी रजिस्टरं लावायला पाठवलं होतं. बदली नव्हे, म्हणे, आराम. आमची माणसं खिडकीवर यायची, मामा दिसत नाहीत म्हणून गोंधळायची आणि कारकून जे लिहील ते घेऊन घरी जायची.

मी बरेच दिवस हॉलकडे फिरकले नाही. काम फार आहे, असं आईला सांगितलं. ती बिचारी अभिमानानं तेच चार घरी सांगत सुटली.

वर्षभरानं गणपतीत जावंच लागलं. आरती झाली, पानं उठली. मामा मला हॉलच्या मागच्या नळापाशी घेऊन गेले. ते वाळले होते. मला वाटलं, त्यांना कळलं आहे. आता ते मला बोलणार, आणि खरं सांगते, मला सुटल्यासारखं झालं. मी हवं ते ऐकून घ्यायला तयार होते.

ते बराच वेळ हात धूत राहिले.

"त्या दिसापास्नं तू येत नाय," ते म्हणाले. "मला समजतं, गो. येवढे मोठे लोक आलेले, तुझं पयलं काम, आन् मी बोटानं चुकलो. सगळ्यांसमोर तुला खाली बघाला लावलं. म्हाताऱ्याला पार्दों कर, बेटी."

त्यांनी माफीसाठी हात जोडले होते. ओले हात, धोतराच्या सोग्यालासुद्धा पुसले नव्हते. बोलायला माझं तोंड उघडलं. आत मुलं ओरडत होती, कुणीतरी माझ्या नावानं हाक मारत होतं. सांगायला तेवढा वेळ पुरला असता.

"जाऊ द्या, मामा," मी म्हणाले. "मी कधीच विसरले."

त्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, आणि मी तो ठेवू दिला.