दुपारची समई

भर दुपारी कुणी समई लावतं का? बायकोला मी हेच विचारलं होतं. साठ सालाच्या आसपासची गोष्ट. पोरीला नाच शिकवायला एक म्हातारे मास्तर येऊ लागले होते. माझं शिवणाचं दुकान कानडी मुलखात, चिकपेटेच्या बाजारात, घर मागच्या गल्लीत. जेवायला आलो की मधल्या खोलीची दारं-खिडक्या बंद, आत ताळाच्या काठीची टकटक आणि तेलाचा वास. बायको म्हणायची, देवाचा नाच आहे, दिवा नको? मला पटायचं नाही. आमचे देव तर स्वयंपाकघरात.

समई बायकोच्या आजीची, तंजावरकडची, कमरेएवढी. लहान दिवा मास्तरांना चालत नसे. मला संशय आला, म्हाताऱ्याचा डोळा समईवर आहे. आज ना उद्या काहीतरी सांगून घेऊन जाणार. शिकवणी बंदच करायची ठरवून एका दुपारी लवकर आलो आणि खिडकीच्या फटीतून पाहिलं.

मास्तर पोरीकडे पाठ करून बसलेले. समई पोरीच्या मागे, समोर चुन्याच्या भिंतीवर तिची मोठी सावली. मास्तर त्या सावलीला सांगत होते, कोपर वर घे. पोरीला जमेना. तेव्हा बायको उठली, पदर खोचला आणि शेजारी उभी राहिली. भिंतीवर दुसरी सावली आली. मापं घेण्यात जन्म गेला माझा. ते खांदे, ती कंबर एका दिवसात तशी बसत नाही.

मी दार लोटलं. मास्तर आवाजाकडे वळले, नजर भलतीकडेच.

"अण्णा, मला आता माणूस दिसत नाही. सावली मोठी असली तर स्वल्प दिसते. बाहेर कळलं तर कोण पोर पाठवेल?"

बायको म्हणाली, "बंद करायचं तर आत्ताच सांगा. पोरीनं उगाच पाय का दुखवून घ्यायचे?"

"तू कुठं शिकलीस?"

"मी कुठली शिकते. आईला बघितलंय," म्हणाली आणि पदर सोडला.

साफ खोटं. पण पोर माझ्या तोंडाकडे बघत होती. सरी, बरं, म्हटलं, चालू द्या.

पुढे मास्तर वारले, पोर सासरी गेली. बायकोला कितीदा विचारलं, ती हसून भाजी चिरायला बसायची. समईपुढची तांबडी जमीन मात्र पायांनी घासल्यासारखी चकचकीतच राहिली. पोर नाही, मग पाय कुणाचे? जेवून गेलो की दुपारभर मी दुकानात असायचो.

आता बायकोही गेली. समई मी रोज लावतो. ती जमीन मळत चाललीय. फडक्यानं घासून बघितली, तशी चकाकी येत नाही.