साडूंच्या वहीतला कोरियन इन्स्पेक्टर

कोरियातल्या माणसांनी कितीही थरारक मालिका काढली, तरी तिच्यातला थरार पाच मिनिटांत उतरवण्याची ताकद साऱ्या भूतलावर एकाच माणसात आहे आणि तो माणूस माझा साडू आहे. ते सीमेपलीकडे, बसवकल्याणला राहतात. पोलिसात हवालदार होते. पण उभी नोकरी त्यांनी काठीपेक्षा पेनवरच काढली. फिर्यादी, जबाब, पंचनामे. निवृत्तीनंतर ठाणं सुटलं, सवय सुटली नाही. मागे एका लग्नात माझी चप्पल हरवली, तर ती सापडण्याआधी मांडवातल्या चौघांचे जबाब लिहून झाले होते. त्यांतला एक नवरदेवाचा होता.

गेल्या सुटीत माझ्या मुलीनं त्यांच्या मोबाइलवर हिंदीत बोलणारी एक कोरियन मालिका लावून दिली आणि माझ्या मेहुणीच्या शांत संसारात गुन्हेगारी शिरली. नायक उंच, अबोल पोलीस इन्स्पेक्टर. रिकाम्या हातांनी पंधरा-पंधरा जणांना लोळवतो. आपण अशा वेळी सरसावून बसतो. साडू मालिका थांबवतात. शर्टाची वरची गुंडी लावून, चष्मा चढवून खुर्चीत बसलेले असतात, पुढ्यात वही. ठिकाण, वेळ, हत्यार, जखमी किती, साक्षीदार कोण. नोकरीत सगळं कन्नडमध्ये लिहिलं, ही वही मात्र मराठीत. एक तासाचा भाग असा चार तास चालतो.

"आमच्या ठाण्याच्या हद्दीतल्या गोडाउनात असं झालं असतं, तर वाचमन कुठं हुता, ह्ये पयलं इचारलं असतं," ते म्हणतात. "हितं वाचमनच न्हाई! पोरगं हुशार हाय, पण सर्विसात टिकायचं न्हाई."

"मारामारी बघायची सोडून लिहीत काय बसलाव?" मेहुणी स्वयंपाकघरातून ओरडते. तिची तक्रार वेगळीच. एवढा राबणारा पोरगा सारखा गाडीत बसून शेवया खातो, त्याला घरी बोलावून कुणी भाकरी का देत नाही?

त्याच नटाला एकदा दुसऱ्या मालिकेत हॉटेलात आचारी म्हणून कांदा कापताना त्यांनी पाहिलं. मला वाटलं, आता गोंधळतील. ते नुसतेच हळहळले. "सस्पेंड केलेलं दिसतंय. पोटासाठी करावंच लागतंय की."

पण माझ्या साडूंना निव्वळ हसण्यावारी नेता येत नाही. त्यांचा एकुलता एक मुलगा हैदराबादला असतो. कॉलेजात असताना बसस्टँडवर त्यानं एका माणसाला बेदम मारलं. त्या दिवशी ठाण्यात लिहायला हेच होते. दुसरा बाप उठून बाहेर गेला असता. यांनी मुलाचं नाव, वय आणि बापाचं नाव सुवाच्य अक्षरात लिहून काढलं. प्रकरण पुढे आपसात मिटलं. मुलगा मात्र तेव्हापासून बापाशी बोलला नाही. दर रविवारी दुपारी फोन येतो तो आईला. तेवढा वेळ साडू शेजारी बसून जुना पेपर वाचतात.

परवाच्या रविवारी मी तिथेच होतो. मालिकेत त्या इन्स्पेक्टरला साहेबानं मारहाणीबद्दल नोकरीवरून काढलं, एक शब्द न बोलू देता. साडूंनी मोबाइल थांबवला.

"ह्यानं कामून मारलं, ह्ये सायबानं इचारलंच न्हाई," ते म्हणाले.

मी थट्टेनं म्हणालो, "अण्णा, तुमच्या वहीत तरी कुठंय 'का मारलं'चा रकाना?"

त्यांनी खरंच वहीची पानं मागे-पुढे केली. मग वही मिटली. "न्हाई," ते म्हणाले. "म्याबी इचारलं न्हाई."

ते कुणाबद्दल बोलत होते हे मला कळलं आणि माझ्या विनोदाची मला लाज वाटली.

तेवढ्यात मेहुणीचा फोन वाजला. तिला ऐकू कमी येतं, म्हणून तो कायम स्पीकरवर असतो. ती हॅलो म्हणण्याआधी साडूंनी हात पुढे करून तो घेतला.

"मी बोलायलोय," ते म्हणाले. "त्या दिवशी कामून मारलास रे त्याला?"

मेहुणीनं कोरडे हात दोनदा पदराला पुसले. मग मुलगा बोलायला लागला, आधी तुटक, नंतर भराभर. साडूंनी वही ओढली. मध्ये एकदाच म्हणाले, "सावकाश सांग, लिहायलोय."

मुलाचं सांगून संपलं. पण जबाब वाचून दाखवल्याशिवाय पुरा होत नाही, हा त्यांचा जन्माचा नियम. त्यांनी घसा साफ केला. "बसमध्ये चढणाऱ्या म्हाताऱ्या बाईला सदर इसमानं लाथ मारून खाली पाडलं. ती रडू लागली. कोणी पुढं आलं नाही. म्हणून मी मारलं." जरा थांबले. "बरोबर हाय का?"

"बरोबर हाय, अप्पा."

साडूंनी सही करायला पेन टेकवलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. तरी सही कुठं करायची ते त्यांना दिसेना. शेवटी मी त्यांचं बोट धरून जागा दाखवली.