न बांधलेली टाकी

शनिवार, १४ मार्च १९५३. चर्चमध्ये सकाळची मिस्सा. केळीचे दोन घड उतरवले. धाकट्या रिटाला खोकला, अडुळशाचा काढा दिला. रहाटाची माळ तुटली, दुपारी जोडून घेतली. निकोलस काका टाकी लावायला येणार होते, आले नाहीत. त्यांच्याऐवजी त्यांची बायको आल्बिना काकी आली, हातात सरकारी कागद. तो वाचून दाखवला. मला जेवण गेलं नाही.

वहीत त्या दिवशी एवढंच लिहिलं आहे. जेवण का गेलं नाही, ते लिहायचं राहिलं होतं. इतकी वर्षं झाली तरी ते आठवलं की माझे कान गरम होतात. म्हणून आता लिहिते.

निकोलस कोरिया आमच्या पापडी गावाला गोखिवऱ्याकडून चालत यायचे. खांद्यावर गोणपाटाची पिशवी, तिच्यात हातोडी आणि चार-पाच टाक्या. पाटा किंवा जातं वापरून गुळगुळीत झालं की त्यावर पोलादाच्या टोकदार टाकीने बारीक खळगे पाडावे लागतात, नाहीतर मिरची नुसती घसरत राहते. त्यालाच टाकी लावणं म्हणतात. आमच्याकडेच नाही, जिथे मराठी बोलतात तिथे सगळीकडे. काकांचा आजा चर्चच्या पायऱ्या घडवणाऱ्या पाथरवटांच्या हाताखाली शिकला. आजाकडून बापाकडे आणि बापाकडून यांच्याकडे ते काम आलं. गावात त्यांना कोरिया कोणी म्हणत नसे. टाकीवाला निकोलस म्हणत.

पास्काच्या, म्हणजे ईस्टरच्या सणाआधी त्यांची फेरी असायची. सणाच्या मटणाला, इंद्यालला लागणारा मसाला वाटायच्या आधी प्रत्येक घरी पाट्याला टाकी लागायला हवी. ते अंगणात फतकल मारून बसत, पाटा मांडीला टेकवून बोटाच्या पेराने वाजवत आणि कान लावून ऐकत. त्यांच्या भुवया दगडाच्या पुडीने कायम पांढऱ्या असत. डावा डोळा अर्धा मिटलेला असे, लहानपणी त्यात कपची गेली होती. बायकांनी तक्रार केली की त्यांचं उत्तर ठरलेलं होतं. "वाटन जाडं येते म्हंजे हात जड झालाय बाय, दगड नाय." माझ्या सासूबाई त्यांना म्हणायच्या, "निकोलस, तुझी जीभ पण टाकीच आहे." ते म्हणायचे, "मग लावून घ्या, फुकट हाय."

नवे पाटे ते एकाच खाणीतल्या दगडाचे घडवत. गोखिवऱ्याच्या पुढे डोंगराच्या कुशीत ती जुनी खाण आहे. तिथे काळ्या दगडाचे उभे खांब आहेत, एकाला एक चिकटून, काही पाचकोनी, काही सहाकोनी, पुरुषभर नव्हे, ताडाएवढे उंच. तिकडचे ख्रिस्ती लोक तिला मेणबत्त्यांची खाण म्हणत. चर्चमधल्या आल्तारावरच्या मेणबत्त्या एकत्र बांधून उभ्या केल्यासारखी ती दिसते. काका उभ्या खांबाला हात लावत नसत. आपोआप गळून खाली पडलेला तुकडाच घ्यायचा, हा त्यांच्या बापाचा नियम. त्यामागे भक्ती वगैरे नव्हती. "उभ्यावर घाव घातला का तो रेघेवर फुटतो, पाट्याला कामाचा नाय," ते सांगत. "पडला त्याने पडून आपला तपास करून घेतलेला असतो." आणि दुसऱ्या खाणींतला दगड त्यांना चालत नसे. तिथे सुरुंग लावतात. सुरुंगाने हादरलेला दगड बाहेरून साबूत दिसतो पण आतून तडकलेला असतो. त्याचा पाटा दोन पावसाळ्यांत कच सोडायला लागतो.

लढाईच्या दिवसांत, त्रेचाळीस साली, एक ठेकेदार या खाणीवर आला. त्याला रस्त्यासाठी खडी हवी होती. सुरुंगाची भोकं पाडायला त्याने काकांनाच बोलावलं. काकांनी एका खांबाला हातोडीने टिचकी मारली, खांब घंटेसारखा वाजला. "ऐकलंत?" काका म्हणाले. "पोकळ हाय. ह्याची खडी घातली तर एका पावसात पीठ." घंटेसारखा वाजतो तो दगड सगळ्यात घट्ट असतो, हे आमच्या घरची पोरंसुद्धा जाणत होती. ठेकेदाराला ते माहीत नव्हतं. तो दुसऱ्या डोंगराकडे गेला आणि आज तो डोंगर नाही. काकांनी हे खोटं बोलल्याचं फादरना प्रायश्चित्तात सांगितलं. फादरनी शिक्षा म्हणून तीन 'नमो मारिया' प्रार्थना म्हणायला दिल्या. "तीनच," ते आम्हाला हसून सांगत. "म्हंजे फादरना पन खान आवडत होती."

बावन्न सालच्या नोव्हेंबरात दगडांचा अभ्यास करणारे एक सरकारी साहेब तिथे आले. साहेब दक्षिणेकडचे होते, त्यांना मराठी येत नव्हतं. बरोबर एक कारकून होता. तो मराठीच होता. काकांनी साहेबांना सगळी खाण हिंडून दाखवली, हातोडीने एकेक खांब वाजवून दाखवला. साहेब खूष झाले. असे खांब फार कमी ठिकाणी आहेत, ही जागा राखून ठेवली पाहिजे, असं ते म्हणाले. मग त्यांनी विचारलं, हा माणूस इथे काय करतो? काका म्हणाले, "टाकी लावतो साहेब. आज्यापासून आम्ही टाकी लावतो." कारकुनाने ते इंग्रजीत सांगितलं आणि कागदावर टिपून घेतलं.

त्या दिवशीची माझी नोंद अशी आहे. गुरुवार, २७ नोव्हेंबर. निकोलस काकांचा निरोप, साहेबाशी इंग्रजी बोलायला या. आवळ्याचं लोणचं घालायला काढलं होतं, गेले नाही. शाळेत सिस्टरांनी आठ वर्षं इंग्रजी शिकवलं, ते अशा दिवसासाठीच ना? लोणचं दुसऱ्या दिवशी घालता आलं असतं.

साडेतीन महिन्यांनी आल्बिना काकी जो कागद घेऊन आली, तो इंग्रजीत होता. ती ओट्यावर बसली आणि मी वाचत वाचत मराठीत सांगत गेले. खाण संरक्षित जागा म्हणून ठरली आहे. निकोलस कोरिया नावाचा इसम त्या जागेत तीन पिढ्यांपासून विनापरवाना पाण्याची टाकी बसवत आला आहे. त्याने ती टाकी पंधरा दिवसांत स्वखर्चाने काढून टाकावी. यापुढे त्याने खाणीत पाऊल ठेवू नये, ठेवल्यास खटला भरला जाईल.

काकीने डोळे मोठे केले. "कसली टाकी?"

"पाण्याची."

"पान्याची? मास्तरीनबाय, आमच्या घरात धड एक कळशी नाय. तीन पिढ्या टाकी बांधत होते तर मी चाळीस वरसं विहिरीवरून पानी कशाला वाहिलं?"

मला हसू आलं आणि लगेच रागही आला, आणि तो राग काही उतरेना. ज्या माणसामुळे ते खांब उभे होते, त्यालाच खांबांची नासधूस करणारा ठरवलं होतं, तेही ज्याने हे लिहिलं त्याला स्वतःची भाषा कळत नव्हती म्हणून. माझे यजमान पीटर मास्तर म्हणाले, "सरकारी कागदाला उत्तर कागदानेच द्यावं. तू भांडायला जाऊ नकोस."

"भांडायला जात नाही," मी म्हटलं. "मराठी शिकवायला जाते."

मंगळवारी काका आणि मी टांग्याने कचेरीत गेलो. काकांनी लग्नातला कोट घातला होता. तोच कारकून टेबलाशी होता. त्याने कागद पाहिला, काकांकडे पाहिलं.

"काढली का टाकी?"

"कोनती?" काका म्हणाले.

"तुमची."

काकांनी गोणपाटाच्या पिशवीत हात घातला आणि वीतभर लांबीची पोलादी टाकी काढून त्याच्या टेबलावर ठेवली. "हीच हाय. घ्या जप्त करून. पन सनाच्या आधी परत द्या, बायका खोळंबल्यात."

"हत्यार घेऊन कचेरीत येता?" कारकून उठून उभा राहिला.

मी पुढे झाले. "भाऊसाहेब, टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही. शाळेत ही म्हण लिहिलीत ना?"

"लिहिली असेल."

"मग ते घाव काय पाण्याच्या टाकीचे होते?"

मागे बसलेला शिपाई फिस्सकन हसला. कारकून लाल झाला. त्याला चूक कळली होती, ते मी त्याच्या तोंडावर पाहिलं. मान्य केली असती तर मी घरी जाऊन त्याच्यासाठी प्रार्थना केली असती. पण तो म्हणाला, "बाई, नोंदीत टाकी आहे. नोंदीत आहे म्हणजे आहे. आता जाग्यावर टाकी नाही ना? ठीक. मग यांनी ती काढून टाकली, असं लिहून द्यावं. प्रकरण बंद."

"आणि खाणीत जायचं?"

"ते नंतर बघू. आधी सही."

त्याने कागद पुढे सरकवला. काका वाचू शकत नव्हते पण सही करायला शिकले होते. माझ्याच सासऱ्यांनी शिकवली होती. त्यांनी मला विचारलं, "काय लिवलंय?" मी सांगितलं.

"जी बांधली नाय ती काढली असं कसं लिवू? मग बांधली होती असं होईल. माज्या आज्याने बांधली होती असं होईल."

"अहो, नुसता कागद आहे," कारकून म्हणाला.

"मग तुमीच करा सही," काका म्हणाले. त्यांनी टेबलावरची टाकी उचलली, कोटाच्या बाहीने पुसली आणि पिशवीत टाकली.

घरी येऊन मी साहेबांना इंग्रजीत पत्र लिहिलं. चार वेळा लिहिलं, कारण पहिल्या तीन वेळा राग शब्दांत येत होता, आणि रागाचं पत्र सरकारात बाजूला ठेवतात. टाकी म्हणजे काय ते लिहिलं. त्रेचाळीस सालची ठेकेदाराची हकीकत लिहिली. काका फक्त गळून पडलेला दगड उचलतात, वर्षाला चार-पाच तुकडे, तेवढ्याची त्यांना मुभा असावी, एवढंच मागितलं. काकांना मी पत्र वाचून दाखवलं. ते म्हणाले, "कुंपन घाला म्हनावं. चांगलंच हाय. सुरुंगवाले यायचे नाय. मला फक्त खालचं पडलेलं उचलू द्या."

शुक्रवारी, ८ मे रोजी उत्तर आलं. पत्र सभ्य होतं. साहेबांना भाषांतरातल्या चुकीबद्दल खेद वाटत होता. पाण्याच्या टाकीचा उल्लेख नोंदीतून वगळण्यात आला होता. कोरिया यांनी दाखवलेल्या आस्थेची त्यांना जाणीव होती. परंतु संरक्षित जागेतला पडलेला दगडसुद्धा अभ्यासाचा भाग असतो. प्रवेशबंदी सर्वांना सारखीच लागू आहे, कोणालाही सूट देता येत नाही.

सर्वांना सारखीच! मी ते वाक्य पुन्हा पुन्हा वाचलं. सर्वांनी तिथे जाऊन काय केलं होतं? तारेच्या कुंपणाला फळी लागली. कोट्यवधी वर्षांपूर्वी तप्त रस थंड होऊन हे खांब झाले, असं तिच्यावर लिहिलं. ते खरं असेल, मी मानते. पण कोट्यवधी वर्षं तो डोंगर होता तसे शेजारचेही डोंगर होते, आणि त्यांची खडी होऊन आम्ही ती तुडवत होतो. हा का उरला, हे फळीवर नव्हतं. फळीत जागा उरली होती, मी जाऊन पाहिलं.

काकांच्या परसात त्या खाणीतला एक शेवटचा तुकडा होता, अर्धा घडवलेला पाटा. पत्र वाचून दाखवल्यावर त्यांनी विचारलं, "मग तो पन त्यांचाच ना?" मी म्हटलं, "नाही हो, तो आधीचा." पण त्यांच्या डोक्यात ते बसलं होतं. पुढच्या शनिवारी त्यांनी बैलगाडी मागून घेतली, दगड तिच्यात चढवला आणि खाणीकडे नेला. कुंपणापाशी नवा राखणदार होता, त्यांच्याच गावचा.

"काका, आत न्यायचा नाय."

"अरे, परत ठेवायला आनलाय. चोरीला नाय."

"आत जायचा हुकूम नाय. न्यायला नाय आन ठेवायला पन नाय."

"मग ठेवू कुठे?"

"माज्या डोक्यावर ठेवा," राखणदार म्हणाला, आणि दोघेही हसले, असं काकांनी सांगितलं. तिथून ते दगड घेऊन परत घरी गेले नाहीत. थेट पापडीला आले. गाडी आमच्या वाडीच्या तोंडाशी उभी राहिली. काका म्हणाले, "मास्तरीनबाय, पत्र लिवून तुमचा हात दुखला. हा तुमाला ठेवा."

"मला नको काका, तुम्ही विका."

"विकू कुनाला? अर्धा हाय. पुरा करायला बसायला जागा द्या."

आठवडाभर ते रोज येत आणि फणसाखाली बसत. टाकीचा टक टक आवाज दिवसभर चाले. नव्या पाट्यावरचे खळगे त्यांनी इतक्या सरळ रांगांत पाडले की पीटर मास्तर पट्टी घेऊन मोजायला गेले आणि पट्टी खिशात घालून परत आले. त्यानंतर काकांनी नवा पाटा कोणासाठी घडवला नाही. सुरुंगाचा दगड त्यांनी हाती धरला नाही. जुन्यांना टाकी लावत हिंडले, हात चालेपर्यंत.

शेवटच्या दिवशी त्यांनी पाटा पेराने वाजवला, कान लावला, आणि मलाही ऐकायला लावलं. खाणीतले खांब वाजतात तसाच तो वाजला.

शनिवार, २३ मे १९५३. नवा पाटा मागल्या दारी मांडला, जुना विहिरीवर कपडे धुवायला नेला. पहिलं वाटण ओलं खोबरं आणि हिरवी मिरची. नव्या पाट्याच्या पहिल्या वाटणात कच लागतेच, म्हणून केळीच्या आळ्यात टाकलं.