दुसऱ्या रांगेची भूक

प्रयोगशाळेच्या तळघरातल्या प्राणीगृहात त्यांना सगळे तोळामामा म्हणत. सव्वीस वर्षं काम एकच: सकाळी प्रत्येक पिंजऱ्यात मोजून खाणं घालायचं, दुसऱ्या सकाळी उरलेल्याचं वजन वहीत लिहायचं. माणूस नाकासमोर चालणारा, पण मोजायची खोड अशी की घरी बायकोचे घासही नजरेतून सुटत नसत.

दोन वर्षांपूर्वी तिची अंडाशयं काढावी लागली. त्यानंतर तिची भूक वाढली, अंग सुटलं. "पोट आहे की कणगी?" मामा म्हणायचे. पहिल्यांदा तीही हसली.

"अहो, खरंच भूक लागते हो. पोटात नुसती आग पडते," ती सांगायची. मामांनी ते कधी मनावर घेतलं नाही. हळूहळू तिने त्यांच्यासोबत जेवणंच सोडलं. त्यांची पाठ वळली की ओट्यापाशी उभ्याने भराभर खायची, स्वतःच्याच घरात चोरासारखी. मामा तेच चारचौघांत सांगून हशा पिकवायचे. काय म्हणावं या माणसाला!

अशात नवा प्रयोग आला. पहिल्या रांगेत धडधाकट उंदरिणी, दुसऱ्या रांगेत शस्त्रक्रिया केलेल्या. कसली शस्त्रक्रिया, हे मामांनी विचारलं नाही. दुसरी रांग खायला लागली ती थांबेचना. मामांना ते बघवेना. "हावरट मेल्या," म्हणत त्यांनी आपल्याच मनाने हात आखडता घेतला, आणि वहीत तसं इमानदारीने लिहिलंही.

आठव्या दिवशी संशोधक मॅडमनी वही उघडली आणि कपाळाला हात लावला.

"मामा, यांचं खाणं कमी कोणी केलं?"

"मीच. नुसत्या हादडतात. जरा शिस्त नको?"

"अहो, त्या किती खातात हेच तर बघायचं होतं! आठ दिवस पाण्यात गेले." मग राग आवरून त्या म्हणाल्या, "अंडाशयं काढलीत त्यांची. तिथलं संप्रेरक भुकेला लगाम घालतं. ते गेलं की भूक लावणारं संप्रेरक वाढतं, आणि पोट भरल्याचा निरोप मेंदू नीट ऐकत नाही. हा हावरटपणा नाही, मामा. त्यांना खरंच भूक लागते."

मामांच्या काळजात चर्र झालं. 

संध्याकाळी त्यांनी स्वतः दोन ताटं वाढली, बायकोला समोर बसवलं आणि सगळं सांगितलं. "चुकलो मी. तुझा काही दोष नव्हता गं. उंदरिणींचंही असंच होतं. आता पोटभर जेव."



"दोन वर्षं मी सांगत होते," ती म्हणाली. "उंदरिणींचं लगेच पटलं तुम्हाला."

आवाजात राग नव्हता, तेच मामांना सोसवेना. तिने घास उचलला, तोंडापर्यंत नेला आणि परत ठेवला.

"तुम्ही समोर असलात की गिळवत नाही हो," ती हळूच म्हणाली. "मी काय करू?"

आपलं ताट तसंच टाकून मामा उठले, दार ओढून घेतलं आणि तिला जेवता यावं म्हणून बाहेर पायरीवर जाऊन बसले.