माकडाने नेलेली कवळी

मुलुंडच्या शुभाताई तशा मोजकं बोलणाऱ्या. बँकेत पस्तीस वर्षं काढली, पण कुणाशी दोन शब्द जास्त बोलल्या असतील तर शपथ. त्यांचे थोरले भाऊ श्यामसुंदर म्हणतात, हिला आयुष्यात एकच गोष्ट रंगवून सांगता येते. मे महिन्यात आमरसाला गोतावळा जमला, की माथेरानच्या माकडाची फर्माईश ठरलेली.

लहानपणी दर उन्हाळ्यात सगळं घर तिथल्या त्याच हॉटेलात आठ दिवस उतरायचं. जेवणाची घंटा, लाल मातीने माखलेले पाय, संध्याकाळी व्हरांड्यात हाउजी. एका वर्षी खिडकीतून माकड आलं आणि पेल्यातली आजोबांची कवळी घेऊन पसार झालं. मग आजोबा मुक्कामभर मऊ भात खात माकडाला शिव्या घालत राहिले, पण दातांवाचून एकही शिवी धड उमटेना. शुभाताई ओठ आत ओढून ती नक्कल करतात, आणि मंडळी पोट धरून हसतात.

गोष्टीत एक वाक्य त्या घाईने उरकतात. खोल्या झाडणारी मालन खिडकीची कडी लावायला विसरली होती.

खरं म्हणजे माकड आलंच नव्हतं. नऊ वर्षांच्या शुभाने कवळी तोंडात कोंबून खिडकीतून झाडावरच्या माकडाला वेडावून दाखवलं, आणि कवळी निसटून दरीत गेली. मालन केरसुणी घेऊन दारातच उभी होती. तिने सगळं पाहिलं. शुभाच्या वडिलांचा हात किती जड आहे, हेही तिने आधीच्या उन्हाळ्यांत पाहिलं होतं. मॅनेजरने विचारलं तेव्हा शुभा म्हणाली, माकडाने नेली. मालन म्हणाली, "कडी माझ्याकडूनच राहिली."

दुसऱ्या दिवशी झाडायला वेगळीच बाई आली. पुढच्या वर्षीही मालन दिसली नाही. शुभाने कधी चौकशी केली नाही, गोष्ट मात्र दर वर्षी रंगवत नेली.

यंदा श्यामसुंदरांची नात स्वरदा मध्येच म्हणाली, "आजी, मग त्या मालनचं काय झालं गं?"

पन्नास वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. शुभाताईंच्या कानाच्या पाळ्या तापल्या. त्यांनी वाटी खाली ठेवली.

"कडी लावलेली होती," त्या म्हणाल्या. "मीच ती उघडली. कवळी माझ्याकडून पडली, आणि मालनने आळ स्वतःवर घेतला."

मग श्यामसुंदरांनी मांडीवर थाप मारली. "झकास! म्हणजे माकड तूच होतीस तर. या वर्षी शेवट नवा काढलास हं."

घरभर हशा पिकला. खरंच सांगतेय रे दादा, असं म्हणायला शुभाताईंनी तोंड उघडलंही. पण सगळे त्यांच्याकडे कौतुकाने बघत होते, आता आजोबांची नक्कल येणार म्हणून. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं त्यांना झालं.

आणि त्यांनी ओठ आत ओढले.