टिचकीमामाचा खडू

टिचकीमामाला खरं नाव होतं, पण ते फक्त वीजबिलावर. किनाऱ्यावर कुणालाही विचारा, तो म्हणायचा, नाव कशाला हवंय, पत्र्याच्या शेडपाशी जा आणि जो होडीला टिचक्या मारताना दिसेल त्याला हाक मार. मोठ्यानं मार मात्र. हे शेवटचं वाक्य अलीकडे जोडलेलं होतं आणि ते मामाला कुणी ऐकवत नसे.

शेडमध्ये नऊ कॅटामरान होत्या. कॅटामरान म्हणजे दोन लांबोडक्या, निमुळत्या होड्या शेजारीशेजारी ठेवून आडव्या दांड्यांनी जोडलेल्या, आणि मध्ये बसायला ताणलेलं जाळं. वर डोलकाठी नि शीड, मागे दोन सुकाणू, झालं. रबरी चाकांच्या गाड्यावर ठेवून दोघांनी वाळूतून पाण्यात न्यायची. दिसायला खेळणं, पण वाऱ्याला लागली की भल्याभल्यांची बोबडी वळते.

तिचं अंग फायबरचं असतं. बाहेर पातळ साल, मध्ये फोम, आत पुन्हा साल. पाणी मुरलं की साल फोमपासून सुटते. वरून सगळं छान चकचकीत, आणि एक दिवस ऐन लाटेत होडी दांडीपाशी काडकन मोडते. ते आधी ओळखायची मामाची एकच रीत होती. बोटाचं पेर वाकवून वीत वीत अंतरावर ठोकत जायचं. चांगल्या जागी खणखणीत आवाज येतो, सुटलेल्या जागी भद्द. भद्द आला की मामा खिशातला खडू काढून तिथे गोल काढायचा. गोल पडलेली होडी पाण्यात जायची नाही, मालक कितीही मोठा असो. सव्वीस वर्षं हे चाललं होतं आणि मामानं सोडलेली एकही होडी कधी मोडली नव्हती. त्याचा खडू म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

जीभ मात्र त्याची तिखट. होडीच्या मागच्या टोकाला एक बूच असतं, आत शिरलेलं पाणी काढायला. ते न लावता होडी लोटणारे महाभाग दर वर्षी दोनतीन निघतातच. मामा त्यांना कंबरभर पाण्यातून परत आणायचा आणि सगळ्यांदेखत बूच हातावर ठेवून विचारायचा की हे डोक्याला लावू का होडीला. एका दातांच्या डॉक्टरनं गळती शोधायला होडीत टायरच्या पंपानं हवा भरली. हे काम खरं तर नळी लावून तोंडानं फुंकून करायचं असतं, वरून साबणाचा फेस लावून, बुडबुडा कुठे येतो ते बघत. पंपानं होडी टोकापासून टोकापर्यंत उसवली. मामानं ती तीन आठवडे खपून सांधली आणि डॉक्टरला सांगितलं, दाढ काढायची झाली की मीच माझी छिन्नी घेऊन तुमच्याकडे येतो.

या मामाचं एका माणसापुढे मात्र काही चालत नसे, तो म्हणजे शिंपी. दोघं शाळेपासूनचे दोस्त. कॅटामरानची जाळी नि शिडं शिंपीच शिवायचा. त्याची स्वतःची एक पिवळी होडी होती आणि दर रविवारी दोघं म्हातारे तिच्यावरून भांडत भांडत खाडीच्या तोंडापर्यंत जाऊन यायचे. गेल्या वर्षी मामानं ती पिवळी ठोकली आणि तिची उजवी बाजू गोलांनी भरून टाकली. दुरुस्तीच्या पलीकडे आहे म्हणाला. शिंपीनं एकदा होडीकडे बघितलं, एकदा मामाकडे, आणि म्हणाला, तू म्हणतोस तर गेली. दुसऱ्या दिवशी त्यानं स्वतःच्या हातानं करवत चालवून तिचे तुकडे केले. त्यानंतर तो किनाऱ्यावर फिरकला नाही. गुडघे दुखतात म्हणे. शिवलेली जाळी मामाच्या लेकीकडे द्यायचा. मामाला वाटलं, खरं बोललो म्हणून रुसलाय, रुसू दे. आणि तोही ताठच राहिला. वर्ष गेलं.

यंदा हंगाम सुरू व्हायला आठ दिवस होते. मामानं नऊ होड्या ठोकल्या आणि सहांवर गोल काढले. एका वर्षात सहा! लोक एकमेकांकडे बघत राहिले, पण खडूपुढे बोलणार कोण? बोलली ती लेक. ती तीन वर्षांपासून त्याच्याबरोबर शेडमध्ये होती. डोलकाठीच्या तारा, तारांचे खिळे निसटू नयेत म्हणून लावायच्या कड्या, कड्यांवरची चिकटपट्टी हे सगळं आता तीच बघायची. बाबा जेवायला गेल्यावर तिनं गुपचूप ठोकून पाहिलं होतं. तिला त्या सहांतल्या चार होड्या ठणठणीत वाटल्या, आणि तसं तिनं सांगितलं. मामाच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. तुझे दुधाचे दात पडायच्या आधीपासून ठोकतोय म्हणाला आणि दिवसभर तिच्याशी बोलला नाही. मामी घरी वेगळंच सांगत होती. आपला टीव्ही शेजारीण तिच्या घरात बसून बघते, कानाच्या डॉक्टरकडे चला. मामा म्हणाला, टीव्हीवरचे लोकच हल्ली पुटपुटतात.

सोमवारी सकाळी त्यानं पहिली होडी घेतली. पांढरी, इथल्या शिडाच्या होड्यांच्या क्लबची, सर्वांत जास्त गोल असलेली. रीत ठरलेली. गोलाच्या आत बारीक भोकं पाडायची, सिरिंजनं पातळ रेझिन, म्हणजे साल चिकटवणारा डिंक, सोडायचं. साल सुटलेली असेल तर ड्रिल पोकळीत घसरतं, ओला तपकिरी भुसा येतो, आणि एका भोकात सोडलेलं रेझिन शेजारच्या भोकातून वर येतं.

ड्रिल घसरलं नाही. भुसा आला तो पिठासारखा कोरडा, पांढरा. मामानं दुसरं भोक पाडलं, तिसरं पाडलं. बावीस भोकं पाडली. मग सिरिंज लावून दाबली. थेंबभर आत गेलं नाही. जायला जागाच नव्हती. सगळं रेझिन त्याच्या मनगटावरून ओघळलं.

मग त्यानं लेकीला हाक मारली आणि या होडीवर ठोकायला सांगितलं. तिनं ठोकलं. मग कोपऱ्यातल्या निळीवर ठोकायला सांगितलं. ती खरोखरच कुजलेली होती, बोटानं दाबली तरी दबायची. तिनं ठोकलं. मामाला दोन्हीकडे एकच आवाज आला. भद्द.

"वेगळे येतात का गं?" त्यानं विचारलं.

"येतात, बाबा."

"किती?"

"खूप."

मामाचं तोंड एवढंसं झालं. लेकीला ते बघवेना. ती म्हणाली, भोकं बुजवून घासून टाकू, दुरुस्त केली म्हणून सांगू, उलट लोक आभारच मानतील. बाकीच्या मी ठोकते, तुम्ही नुसते खडू घेऊन शेजारी उभे राहा. पोरगी मायेनं बोलत होती आणि खोटं कशाला बोला, मामाला क्षणभर ते पटलंही. कुणाचं नुकसान नाही, कुणाला कळायचं नाही, सव्वीस वर्षांचं नाव शाबूत.

पण तेवढ्यात त्याला पिवळी आठवली. तिलाही त्यानं याच कानांनी ठोकलं होतं.

हात न धुताच तो शिंपीच्या दुकानात गेला. शिंपी मशीनवर पांढऱ्या जाळ्याची कड दुमडत होता. मामा उंबऱ्यातच उभा राहिला. रस्ताभर जुळवत आणलेलं सगळं तो विसरला.

"माझे कान गेलेत," तो म्हणाला. "तुझी होडी बहुतेक चांगली होती."

शिंपीनं मशीन थांबवलं नाही. कडेपर्यंत शिवण नेली, दोरा तोडला, मग मान वर केली.

"बहुतेक नाही. चांगलीच होती," तो म्हणाला. "कापली तेव्हाच कळलं मला. आत सगळं कोरडं होतं. पकड लावून ओढली तरी साल सुटेना."

मामाला आधी वाटलं, आपण हेही चुकीचं ऐकलं. शिंपीनं पुन्हा सांगितलं, सावकाश, शब्द तोडून.

"मग बोलला का नाहीस? वर्षभर?"

"बोलून होडी परत येणार होती का? ती गेलीच होती. बोललो असतो तर तुझा खडूपण गेला असता. मग तू काय करणार होतास?"

सव्वीस वर्षांत कुणासमोर न रडलेला मामा जाळ्यांच्या गठ्ठ्यावर बसून रडला. शिंपीनं पाणी आणून दिलं आणि म्हणाला की गुडघे खरंच दुखतात, ते तेवढं खोटं समजू नकोस. पण किनाऱ्यावर यायचा थांबलो ते गुडघ्यांमुळे नाही. तुझ्यासमोर उभा राहिलो असतो तर तोंडातून निघून गेलं असतं.

मामा म्हणाला, रविवारी सगळ्यांसमोर सांगतो. शिंपी म्हणाला, खुशाल सांग, पण मला माहीत होतं हे सांगू नकोस. लोक मला येडा म्हणतील.

रविवारी होड्या वाळूत ओळीनं लावल्या होत्या. लेकीनं नऊच्या नऊ पुन्हा ठोकल्या होत्या. दोन थांबवल्या, सात सोडल्या. मामानं सगळ्यांना जवळ बोलावलं, आणि सगळ्यांत आधी, शिंपीनं सांगू नकोस म्हटलं होतं तेच सांगितलं.